दाद न देणारा क्षय

नगर जिल्ह्यात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, की आशाताई बेडका तपासायची डबी हातात ठेवतात. त्यांचं काही चुकत नाही. क्षय अजून आपल्यातून गेलेला नाही, आणि तो वेळेत सापडला तर सहा महिन्यांच्या औषधांनी माणूस खडखडीत बरा होतो. पण काही खोकले वेगळेच असतात. बेडक्यात जंतू सापडत नाहीत. छातीच्या फोटोत मात्र फुप्फुसाच्या खालच्या भागात जाळं दिसतं, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. औषधं संपतात, दम तसाच राहतो. पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला कामाला गेली आणि हातपाय थकल्यावर गावी परतली. त्यांच्यापैकी कुणाला असा दम लागला, की घरचे म्हणतात, मुंबईची हवा बाधली, विडी बाधली. डॉक्टर म्हणतात, जुना क्षय असेल.

‘जुना क्षय असेल’ या उत्तराशी जगात काही डॉक्टर अडखळले. देश निराळे, काळ निराळा, पण औषधाला दाद न देणाऱ्या क्षयानं त्यांना एकाच धुळीच्या मागावर नेलं. ही धूळ ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची. आग अडवणाऱ्या भिंतींत, बॉयलरच्या वेष्टनांत, ट्रकच्या ब्रेकमध्ये आणि आपल्या डोक्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यात माणसानं ती स्वतःच्या हातानं भरली.

दक्षिण आफ्रिकेतलं किंबर्ली हे हिऱ्यांच्या खाणींचं गाव. १९५०च्या दशकात तिथल्या क्षयरोग रुग्णालयात सी. ए. स्लेग्ज नावाचे डॉक्टर होते. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्या काळी छातीत पाणी म्हणजे क्षय, हे ठरलेलंच होतं, आणि क्षयाची नवी प्रभावी औषधं नुकतीच हाती आली होती. स्लेग्ज यांना हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. गावाच्या पूर्वेकडून आलेले रुग्ण बरे होऊन घरी जात होते. पश्चिमेकडून आलेल्यांना त्याच औषधांचा काही उपयोग होत नव्हता. क्षयाच्या जंतूला पूर्व-पश्चिम कळत नाही. मग पश्चिमेला असं काय होतं? तिथं निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या.

रुग्ण कुठल्या गावचा, ही नोंद प्रत्येक दवाखान्यात असते. केसपेपरावर ती लिहिली जाते आणि पुढे कुणी वाचत नाही. स्लेग्ज यांनी ती वाचली. या साऱ्या शोधातली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कारण तिला ना यंत्र लागलं, ना पैसा.

इकडे जोहान्सबर्गला ख्रिस वॅगनर हे तरुण विकृतिशास्त्रज्ञ धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांवर काम करत होते. १९५६ मध्ये त्यांच्यापुढे शवविच्छेदनासाठी एका खाणकामगाराचा देह आला. नोंद क्षयाचीच होती. छाती उघडली तर एका बाजूला बुळबुळीत, चिकट गाठ दाटून बसलेली. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग, मेसोथेलिओमा, तेव्हा इतका दुर्मीळ होता, की असा काही रोग असतो हेच पुष्कळ तज्ज्ञांना मान्य नव्हतं. आणि फुप्फुसाच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्बेस्टॉसची खूण दिसली. वॅगनर, स्लेग्ज आणि छातीचे शल्यविशारद पॉल मार्चंड एकत्र आले. जुने रुग्ण, मेलेल्यांचे नातेवाईक, जन्माची गावं असा माग काढत गेले. १९६० मध्ये त्यांनी ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सोडून सगळ्यांचा धागा त्या खाणींच्या मुलखाशी जुळत होता.

वाचणाऱ्यांना धक्का बसला तो पुढच्या तपशिलाचा. या ३३ जणांत सगळे खाणकामगार नव्हते. काही जण लहानपणी खाणीच्या शेजारी वाढले होते, तिथल्या ढिगाऱ्यांवर खेळले होते, एवढाच त्यांचा संबंध. मधे वीस, तीस, चाळीस वर्षं उलटली होती. धूळ लहानपणी शिरली आणि रोग उतारवयात उगवला.

खरं तर ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुस निकामी होतं, हे त्याआधीच नोंदलं गेलं होतं. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ ही बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२४च्या मार्चमध्ये ती गेली. वय ३३. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. क्षयाच्या जुन्या खुणा तिथं होत्या, आणि त्यांवर बोट ठेवून कुक यांना फाईल बंद करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. फुप्फुसभर पसरलेले कडक व्रण आणि त्यांत अडकलेले खनिजाचे कण त्यांनी पाहिले, ते कारखान्यातल्या धुळीशी पडताळले आणि मृत्यूचं कारण धूळ असल्याचं सांगितलं. १९२७ मध्ये या रोगाला त्यांनी ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिलं. नेलीच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाही. कंपनीनं जबाबदारी नाकारली आणि तिला बिननावाच्या कबरीत पुरलं गेलं.

१९३० मध्ये ब्रिटिश सरकारचे कारखाना-वैद्य मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी ॲस्बेस्टॉसच्या कापडधंद्यातले ३६३ कामगार तपासले. चारातल्या एकाची, म्हणजे २६ टक्के कामगारांची फुप्फुसं व्रणांनी आखडली होती. नेमकी ९५ माणसं. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे तो आपल्या दारात येतो.

इतकं कळूनही जगानं ॲस्बेस्टॉसचा हा धागा सोडला का नाही? कारण तो आगीला हरवतो. आग किती झटक्यात माणसं नेते, हे नगरकरांना सांगावं लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि करोनाशी झुंजणारे दहाहून अधिक रुग्ण त्यात गेले. ती आग आणि तिची चौकशी हा वेगळा विषय आहे. पण दोन खोल्यांमधली भिंत तासभर तरी आग थोपवून धरेल, ही माणसाची मागणी किती रास्त आहे, हे त्या दिवसानं दाखवलं.

अशा भिंतींसाठी वापरतात त्या जिप्समच्या बोर्डात ही ताकद मुळातच असते. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन जातं, आणि ते जाईपर्यंत भिंतीची दुसरी बाजू फारशी तापत नाही. पाणी संपलं की मात्र जिप्समचा भुगा होऊन बोर्ड ढासळतो. तो भुगा धरून ठेवायला आत काहीतरी तंतू लागतो. आता काचेचा तंतू घालतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही ठिकाणी ते काम ॲस्बेस्टॉसकडे होतं. काही अग्निरोधक बोर्डांत व्हर्मिक्युलाइट हे खनिज घालत. तापलं की ते फुगतं आणि आकसणाऱ्या जिप्सममधल्या फटी भरून काढतं. अमेरिकेत त्याचा मोठा वाटा माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून येई, आणि त्या खाणीतच ॲस्बेस्टॉससारखे तंतू मिसळलेले होते. १९९९ मध्ये एका वर्तमानपत्रानं गावातल्या मृत्यूंची मालिका उघड केली. दहा वर्षांनी सरकारला तिथं सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली.

बोर्डापेक्षा घातक निघाला तो बोर्डांच्या सांध्यांत भरायचा लेप. आपल्याकडे फॉल्स सीलिंगवाले सांध्यावर पट्टी लावून पुट्टी भरतात, वाळली की पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करतात. अमेरिकेत हेच काम करणारे हजारो कारागीर होते. लेप तडकू नये म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतल्या रोल, लँगर, सेलिकॉफ आणि निकल्सन यांनी दुकानात सहज मिळणारे असे लेप विकत आणले आणि तपासले. काहींत ॲस्बेस्टॉस भरपूर होतं. मग कोरडी भुकटी कालवताना आणि वाळलेला सांधा घासताना हवेत किती तंतू उडतात, ते त्यांनी मोजलं. घरगुती दुरुस्तीच्या त्या कामात उडणारी धूळ कारखान्यातल्या धुळीच्या तोडीची निघाली. त्यांचा निबंध १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं असे लेप विकायला बंदी घातली. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराची भिंत घासणारा बाप आणि शेजारी खेळणारं पोर, दोघंही त्या धुळीत श्वास घेत होते.

यातल्या आयर्व्हिंग सेलिकॉफ यांच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. १९५२ मध्ये क्षयावर आयसोनियाझिड हे औषध लागू पडतं, हे दाखवणाऱ्यांत ते होते. आजही आपल्या सरकारी दवाखान्यात क्षयाच्या रुग्णाला मिळणाऱ्या गोळ्यांत आयसोनियाझिड असतं. म्हणजे क्षय बरा कसा होतो आणि तो बरा होतो तेव्हा छाती कशी दिसते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात त्यांच्या दवाखान्यात ॲस्बेस्टॉसच्या एकाच कारखान्यातले कामगार येऊ लागले, तेव्हा त्यांना हा क्षय नव्हे हे ओळखता आलं. पुढं त्यांनी कामगार संघटनेच्या जुन्या नोंदी मागितल्या. वेष्टनाचं काम करणारे ६३२ कामगार. फुप्फुसाच्या कर्करोगानं त्यांत सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले होते ४५. १९६४ साली हे प्रसिद्ध झालं. रुग्णालयाच्या नोंदींत ही माणसं विखुरलेली होती, संघटनेच्या वहीत ती एका पानावर होती.

आता मुंबईतलं घाटकोपर.

रॉचडेलचे टर्नर १९२० मध्ये टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या समूहात गेले होते. याच समूहानं स्वातंत्र्यानंतर घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना चालवला. ॲस्बेस्टॉसचं कापड आणि ब्रेकची लायनिंग तिथं होत असत. पुढे तो हिंदुस्थान कंपोझिट्स झाला. नेली केरशॉच्या मालकांचा वारसा आणि तिचंच काम, सूत कातणं, असं दोन्ही मुंबईत आलं. तोवर रोगाचं नाव, कारण, टक्केवारी सारं छापून झालं होतं.

तरीही घाटकोपरच्या कामगाराला धाप लागली, की कागदावर ब्राँकायटिस किंवा क्षय लिहिलं जाई. हा माझा तर्क नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातले डॉ. व्ही. मुरलीधर आणि कामगार-आरोग्याचे कार्यकर्ते विजय कान्हेरे यांनी आपल्या निबंधात हे स्पष्ट शब्दांत मांडलं आहे. धुळीचे रोग ओळखायचं शिक्षण डॉक्टरांना मिळत नाही, मालकाच्या खर्चानं होणाऱ्या तपासण्यांतून कामगाराच्या हाती दाखला पडत नाही, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरच्या मनात कामगाराविषयी एक अढी असते, असं त्यांनी लिहिलं. एका डॉक्टरानं आपल्याच व्यवसायाबद्दल हे लिहायला धैर्य लागतं. त्यांच्या अंदाजानं देशात सुमारे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करत होते. भरपाई मिळालेले ३० सुद्धा नव्हते.

दोघांनी मुंबईच्या व्यवसायजन्य आरोग्य व सुरक्षा केंद्रातर्फे कायम कामगारांची तपासणी हाती घेतली. कारखान्यात २३२ कायम कामगार होते, त्यांतले १८१ आले. ॲस्बेस्टॉसिस म्हणायला तीन पुरावे एकत्र हवेत, असं त्यांनी ठरवलं. पहिला, धुळीत काम सुरू होऊन निदान १५ वर्षं झाल्याची लेखी नोंद. दुसरा, छातीच्या फोटोत व्रण किंवा आवरणावरचे डाग. तिसरा, फुंकायच्या यंत्रावरची तपासणी.

सगळी मेख या तिसऱ्या पुराव्यात आहे. ब्राँकायटिसमध्ये नळ्या अरुंद होतात. हवा आत भरते, बाहेर यायला वेळ लावते. ॲस्बेस्टॉसिसमध्ये नळ्या मोकळ्या असतात, फुप्फुसच कडक झालेलं असतं. ते पुरतं फुलतच नाही, त्यामुळे हवा मुळात कमी मावते. यंत्रावर दोन्हींची रेघ निराळी उमटते. क्षयाचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकाकडे असतात, हे जाळं खालून वर चढतं. आणि पाठीवर खाली नळी ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितला, तर श्वासाच्या अखेरीला व्हेल्क्रोची पट्टी उचकटावी तसा बारीक चरचर आवाज येतो. ही लक्षणं डोळ्यांआड नव्हती. छातीचे फोटो पूर्वीही निघत होते. फोटो पाहताना हा माणूस आयुष्यभर काय काम करत होता, हे समोर ठेवायचं राहून गेलं होतं.

१८१ जणांत ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. जवळजवळ २३ टक्के. रॉचडेलच्या काळात २६ टक्के होते. २००५ मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’ या नियतकालिकात हा निबंध आला, तेव्हा मेरेवेदर-प्राइस अहवालाला ७५ वर्षं झाली होती. हे वाचून मला संताप येतो, आणि तो यावा असंच वाटतं. हे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचायला अडचण कसलीच नव्हती. ते त्याच कंपनीच्या घराण्यात होतं.

कायदाही होता. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपायची, असं बजावलं. रोग सिद्ध झाला तर एक लाख रुपये भरपाईही ठरवली. न्यायमूर्तींनी ४० वर्षं हा आकडा उगाच घातला नाही. धूळ किती उशिरा हिशेब मागते, हे त्यांना कळलं होतं.

मग हे नगरला कुठं येतं? आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि पाठोपाठ जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. साखर वाफेवर चालते. वाफेच्या नळ्यांवरचं जुनं लॅगिंग, बॉयलरच्या दारांची दोरी, व्हॉल्व्हचं पॅकिंग, गॅस्केट, यांत देशभर ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. गळीत संपलं की दुरुस्तीचा हंगाम येतो, जुनं लॅगिंग फोडून नवं बसवतात, आणि धूळ तेव्हाच उडते. ट्रक आणि एसटीच्या जुन्या ब्रेक लायनरचं तेच. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या पाइपानं धूळ उडवायची सवय आजही पाहायला मिळते. गोठे, गोदामं, चाळी, शाळांच्या पडव्या यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. जुन्या कचेऱ्यांमध्ये सपाट सिमेंट शीटची पार्टिशनं आणि छतं आहेत. भारतात १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं, पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून येतं आणि मुख्यतः पत्र्यांत जातं. साठाहून अधिक देशांनी ते पूर्ण बंद केलं आहे. आपल्याकडे ते अजून कायदेशीर आहे.

घाबरून उद्याच पत्रा फोडायला मात्र कुणी निघू नये. शाबूत पत्रा, रंग दिलेली धड भिंत फारसे तंतू सोडत नाही. धोका फोडण्यात, ड्रिल मारण्यात, कटर चालवण्यात, घासण्यात आणि कोरड्या झाडूनं झाडण्यात आहे. जुन्या इमारतीचं पार्टिशन काढायचं असेल तर आधी त्याचा लहान तुकडा ओला करून काढून प्रयोगशाळेत द्यावा. नुसत्या डोळ्यानं ओळखता येत नाही, अनुभवी मिस्त्रीलाही नाही. तपासणीसाठी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक किंवा क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र लागतं. तंतू असल्याचं निघालं तर पाण्याचा फवारा सतत चालू ठेवून, शक्यतो अख्खे तुकडे काढावेत, जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत. तोंडावरचा रुमाल इथं निरुपयोगी आहे, सूक्ष्म कण अडवणारा मास्क लागतो. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. जगभरच्या नोंदींत अशा कामगारांच्या बायका आहेत. त्या कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या, त्यांनी फक्त कपडे झटकून धुतले होते.

घाटकोपरच्या त्या तपासणीत फक्त कायम कामगार होते. बदली, कंत्राटी आणि आधीच निवृत्त होऊन गावी गेलेले त्यात नव्हते. त्यांतला कुणी आज पारनेरच्या नाहीतर अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात धापा टाकत आला, तर समोरच्या डॉक्टरला विडीबरोबरच आणखी एक प्रश्न विचारायचा आहे: तरुणपणी कुठं कामाला होता, आणि तिथं धूळ कसली होती? ॲस्बेस्टॉसिस हा कामगारांच्या विम्याच्या आणि भरपाईच्या कायद्यात नोंदलेला व्यवसायजन्य रोग आहे. दाव्याला जुन्या नोकरीचा पुरावा लागतो. विम्याचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, हजेरीचा पास, पगाराची चिठ्ठी, यांतलं जे ट्रंकेत असेल ते चालतं. आणि छातीचे जुने फोटो रद्दीत देऊ नयेत. पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या फोटोशेजारी ठेवला, तर जाळं कधी धरलं आणि किती चढलं हे वैद्यकीय मंडळाला दाखवता येतं.